गोखल्यांची माफी आणि माझा खोटा फोटो

लोकलच्या गर्दीत ज्यांना ऐकणं जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लेखी स्वरूपात. बोलताना जिथे अडखळलो तिथे कात्री लावली आहे, दोन-तीन ठिकाणी थोडं वाढवलंय, बाकी सगळं तेच.

आजचा भाग एका माफीबद्दल आहे. साल १८९७, माफी मागणारे गोपाळ कृष्ण गोखले. पण तिथे जायच्या आधी माझीच एक चूक सांगतो, कारण ती घडली नसती तर मी या विषयाच्या वाटेलाही गेलो नसतो.

२०१७ साली गणपती २५ ऑगस्टला बसले होते. मी तेव्हा बीटेक करत होतो. त्याच दिवशी म्यानमारच्या राखाइन प्रांतात एका सशस्त्र रोहिंग्या गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतर म्यानमारच्या लष्कराने जी मोहीम काढली तिच्यात गावंच्या गावं जाळली गेली, माणसं मारली गेली, बायकांवर बलात्कार झाले. पुढच्या काही महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या नाफ नदी ओलांडून किंवा डोंगरवाटांनी चालत बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांत पोचले.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हा आरतीचे फोटो आणि उकडीच्या मोदकांचे फोटो पडत होते. मला कुठून तरी एक फोटो आला. प्रेतांचा ढीग, आणि त्यात उभे असलेले तांबड्या वस्त्रांतले बौद्ध भिक्खू. खाली लिहिलं होतं की बघा, रोहिंग्यांचं काय चाललंय. माझं डोकं फिरलं आणि मी तो ग्रुपवर टाकला, वर चार ओळीही लिहिल्या.

दहा मिनिटांत आमच्याच विंगमधल्या एका काकांनी, बँकेतून रिटायर झालेल्या, एक लिंक टाकली. तो फोटो म्यानमारचा नव्हताच. २०१० मध्ये चीनच्या ताब्यातल्या तिबेटी भागात भूकंप झाला होता, त्यात मेलेल्यांचे अंत्यसंस्कार करायला आलेले ते भिक्खू होते. म्हणजे मदत करणाऱ्यांना मी मारेकरी ठरवलं होतं. काकांनी खाली एकच वाक्य लिहिलं: "बघितलंस? सगळं असंच रचलेलं असतं."

तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर 'डिलीट फॉर एव्हरीवन' नव्हतं. फोटो तिथेच राहिला. मी "सॉरी काका" लिहिलं आणि गप्प बसलो. त्या ग्रुपवर रोहिंग्यांचा विषय पुन्हा कधी निघालाच नाही.

आता गंमत बघा. माझ्यासारखी चूक एका देशाच्या उपपंतप्रधानानेही केली होती. तुर्कस्तानचे तेव्हाचे उपपंतप्रधान मेहमेत शिमशेक यांनी त्याच आठवड्यात ट्विटरवर रोहिंग्यांचे म्हणून चार फोटो टाकले, आणि त्यातला एकही खरा निघाला नाही. त्यांनी ते काढले, पण उशीर झाला होता. ५ सप्टेंबरला, म्हणजे आपल्याकडे विसर्जनाच्या दिवशी, आंग सान सू ची यांचं तुर्कस्तानच्या अध्यक्षांशी फोनवर बोलणं झालं, आणि त्यांच्या कार्यालयाने जाहीर केलं की हे खोटे फोटो म्हणजे चुकीच्या माहितीच्या डोंगराचं फक्त टोक आहे. जळालेल्या गावांबद्दलचा प्रश्न बाजूला पडला आणि चर्चा फोटोंवर आली.

एक खोटा पुरावा शंभर खऱ्या साक्षी कशा गिळतो हे मला तेव्हा कळलं. आणि नंतर वाचताना लक्षात आलं की हे महाराष्ट्रात एकशे वीस वर्षांपूर्वी घडून गेलंय, तेही थेट ब्रिटिश पार्लमेंटात.

कल्याणची तपासणी, पुण्याची झडती

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक शहर सोडून पळू लागले. पळायचं कसं? रेल्वेने. आणि मुंबईतून बाहेर जाणारी गाडी मग नाशिककडे जावो की पुण्याकडे, तिला कल्याणवरूनच जावं लागतं. आज कसारा आणि कर्जत लाइन जिथे फुटते तेच हे जंक्शन. त्यामुळे प्रवाशांना उतरवून तपासण्याचं काम कल्याणला चालायचं. बगलेत, जांघेत गाठ आहे का बघायचं. बायकांनाही. आपण रोज जिथे फास्ट पकडायला धावतो तिथे एके काळी माणसं तापाच्या संशयावरून वेगळी काढली जात होती, हे डोळ्यासमोर आणा.

फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. कोविडमध्ये आपल्याला लॉकडाऊनच्या आदेशांत जो १८९७ चा कायदा दिसायचा, तो हाच. त्यात सरकारला जवळपास वाट्टेल ते अधिकार मिळाले. पुण्यात खास प्लेग कमिटी नेमली गेली, तिचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड. मार्चपासून मेपर्यंत सैनिकांच्या तुकड्या घराघरांत शिरून झडत्या घेत होत्या. आजारी माणूस सापडला की इस्पितळात, त्याचे घरचे विलगीकरण छावणीत, सामान जाळायचं नाहीतर बाहेर काढायचं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्लेग खरा होता, माणसं खरंच मरत होती, आणि काहीतरी करणं भाग होतं. पण परकी भाषा बोलणारा हत्यारबंद सैनिक स्वयंपाकघरात, देवघरात, बाळंतिणीच्या खोलीत शिरतो तेव्हा काय होऊ शकतं हे सांगायला इतिहासाची पदवी लागत नाही. देव्हारे विटाळले, सामान चोरीला गेलं, बायकांशी गैरवर्तन झालं, अशा तक्रारी येत होत्या. 'केसरी' आणि 'मराठा' त्यावर लिहीत होते. पंडिता रमाबाईंनीही आपल्या संस्थेतल्या मुलीच्या अनुभवावरून प्लेग इस्पितळाच्या कारभारावर वृत्तपत्रात पत्र लिहिलं. स्वतःच्या नावानिशी. हे 'नावानिशी' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लंडनमध्ये एक ३१ वर्षांचा प्रोफेसर

गोखले तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात शिकवत होते. वय ३१. म्हणजे आपल्यातल्या अनेकांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे, बस. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते विलायतेला गेले होते. साक्ष उत्तम झाली, नाव झालं. आणि त्याच काळात पुण्यातून मित्रांची पत्रं येऊ लागली: इथे काय चाललंय ते तिकडे सांगा.

सांगायचं कुणाला? हिंदुस्थानात निवडून आलेली संसद नव्हती. मुंबईच्या गव्हर्नरला जाब विचारू शकेल अशी एकच जागा होती, लंडनचं हाउस ऑफ कॉमन्स. तिथे सर विल्यम वेडरबर्न होते. मुंबई इलाख्यात आयुष्यभर नोकरी केलेले, निवृत्तीनंतर खासदार झालेले, आणि हिंदुस्थानच्या प्रश्नांत रस असलेल्या खासदारांच्या समितीचे अध्यक्ष. त्यांच्यामार्फत गोखले खासदारांपुढे बोलले, आणि 'मँचेस्टर गार्डियन' या वृत्तपत्राला मुलाखत दिली. जुलै १८९७ च्या सुरुवातीला ती छापून आली. तिच्यातला सर्वांत गंभीर आरोप असा होता की सैनिकांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला.

वेळ मात्र भयंकर होती. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. म्हणजे गोखल्यांचा आरोप आणि रँडच्या मृत्यूची बातमी लंडनमध्ये जवळपास एकदमच पोचली.

पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी मुंबई सरकारला तारेने विचारलं. मुंबई सरकारने उलट तारेने कळवलं की आरोप साफ खोटे आहेत. प्रश्न मिटला!

थांबा, इथे जरा बघा काय झालं. ज्या कारभाराविरुद्ध तक्रार होती त्याच कारभाराला विचारलं की तक्रार खरी आहे का. तो म्हणाला नाही. आमच्या कामात याला एक फार ओळखीचा प्रकार आहे. टेस्टर बग टाकतो, डेव्हलपर स्वतःच्या मशीनवर बघतो, चालतंय म्हणतो, आणि 'कॅनॉट रिप्रोड्यूस' लिहून तिकीट बंद करतो. मी स्वतः अशी तिकिटं बंद केली आहेत. त्यातली सगळीच खोटी नव्हती, हेही मला माहीत आहे.

सभागृहात आणखी एक हिंदी माणूस होता. मंचरजी भावनगरी, हुजूर पक्षाचे खासदार. इंग्रज जे म्हणतील त्याला मान डोलावतात म्हणून हिंदुस्थानातल्या लोकांनी त्यांच्या आडनावाची फोड करून 'बो अँड अ‍ॅग्री' असं नाव पाडलं होतं. त्यांनीही गोखल्यांवर तोंडसुख घेतलं. आता सिद्ध करण्याची जबाबदारी एकट्या गोखल्यांवर आली.

साक्षीदार कुठे गेले

गोखले बोटीने परत निघाले तेव्हा मागे पुण्यात सगळं बदललं होतं. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता, अडकवून ठेवलं गेलं. शहरावर जादा पोलीस बसवले आणि त्याचा खर्च पुणेकरांच्याच माथी मारला.

अशा वेळी ज्या मित्रांनी पत्रं लिहिली होती त्यांची काय अवस्था झाली असेल? त्यांनी गोखल्यांना कळवलं की आमची नावं पुढे येऊ देऊ नका. बोट मुंबईला लागली तेव्हा पोलीस कमिशनर विचारपूस करायला हजर. गोखल्यांनी मित्रांना पुन्हा विचारलं: त्या दोन स्त्रियांबद्दल तुम्ही लिहिलंत, पुरावा द्या, साक्षीदार द्या. कुणी पुढे आलं नाही.

आणि ज्या स्त्रियांबद्दल हे सगळं चाललं होतं, त्यांचं काय? विचार करा. १८९७ चं पुणं. अशी बाई स्वतः पुढे येऊन, गोऱ्या अधिकाऱ्यापुढे, दुभाष्यामार्फत, आपल्यावर काय झालं ते सांगेल? तिचं घर तिला सांगू देईल? रँडच्या खुनानंतर तर तिच्या नवऱ्याला, दिराला आधी वाटणार की हे सांगितलं तर खुनाचं कारण आपल्याच घरात सापडलं म्हणून आपल्यालाच धरतील.

गोखल्यांपुढे दोनच रस्ते होते. मित्रांची नावं सांगून त्यांना पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, किंवा सगळा दोष स्वतःवर घ्यायचा. न्यायमूर्ती रानडे त्यांचे गुरू, त्यांच्याशी बोलणं झालं. ऑगस्टच्या सुरुवातीला गोखल्यांनी बिनशर्त माफी प्रसिद्ध केली. गव्हर्नरांची, प्लेग कमिटीची आणि सैनिकांचीही.

लोक खवळले. टिळक तुरुंगात जातात आणि हा माणूस सैनिकांची माफी मागतो, असं झालं. त्याच वर्षी डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन होतं, तिथे टिळकांच्या नावाचा जयजयकार होता आणि गोखल्यांकडे बघायची कुणाची इच्छा नव्हती. विलायतेत त्यांचा शब्द पडला तो वेगळाच.

शाळेत मला हे एका ओळीत शिकवलं होतं: गोखले मवाळ, टिळक जहाल. त्यामुळे माफी म्हणजे मवाळपणा असं मी धरून चाललो होतो. आता मला वाटतं की प्रश्न स्वभावाचा नव्हताच. गोखल्यांनी ऐकीव गोष्ट पडताळून न बघता खासदारांपुढे मांडली, ही त्यांची चूक होती आणि त्यांनी ती मान्य केली. पण पडताळण्याची सोयच नव्हती, साक्षीदाराला संरक्षण नव्हतं, तटस्थ चौकशी नव्हती, ही चूक त्यांची नव्हती. माफी पहिल्या चुकीची होती. सरकारने ती दुसऱ्या गोष्टीचीही पावती म्हणून वापरली. एक आरोप सिद्ध झाला नाही, म्हणून देव्हाऱ्यांचं, चोरीचं, झडत्यांचं, सगळंच खोटं ठरलं.

परिणाम काय झाला? टिळकांना सप्टेंबरात १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, राजद्रोहाचं कलम १२४-अ आणखी कडक केलं गेलं. अत्याचाराच्या तक्रारीतून कायदा बदलला खरा, पण तो तक्रार करणाऱ्याच्या तोंडाचा.

तीन वकील आणि एक बेळगावकर

आता बावीस वर्षं पुढे या. १३ एप्रिल १९१९, अमृतसर, जालियनवाला बाग. सरकारी आकड्यानुसार ३७९ मृत्यू, १६५० गोळ्या. पुन्हा तोच प्रश्न: लंडनच्या पार्लमेंटला सांगायचं कसं?

या वेळी लोक शहाणे झाले होते. काँग्रेसने स्वतःची चौकशी समिती नेमली. तिच्यात गांधी होते, चित्तरंजन दास होते, अब्बास तय्यबजी होते, आणि आपल्या मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. यांनी पंजाबात फिरून माणसं गाठली, एकेकाची जबानी लिहून घेतली, नावगाव घेतलं, उलटतपासणी केल्यासारखे प्रश्न विचारले. सतराशेहून जास्त लोकांच्या जबान्या तपासल्या आणि त्यांतल्या शेकडो छापल्या. जे टिकणार नाही ते वगळलं.

दुसरीकडे सरकारच्या हंटर कमिटीत मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड सदस्य होते. त्यांनी जनरल डायरला समोर बसवून विचारलं की चिलखती गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर तू मशीनगन चालवल्या असत्यास का. डायर म्हणाला, बहुधा हो. आरोपीच्याच तोंडून, रेकॉर्डवर. 'कॅनॉट रिप्रोड्यूस' म्हणायला जागाच उरली नाही.

म्हणून जुलै १९२० मध्ये पार्लमेंटात जी चर्चा झाली ती १८९७ सारखी तारेवर मिटली नाही. ८ जुलैला कॉमन्समध्ये डायरच्या बाजूचा ठराव २३० विरुद्ध १२९ मतांनी पडला. युद्धमंत्री चर्चिल, जे हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचे अजिबात मित्र नव्हते, तेही डायरच्या विरोधात बोलले. पण लगेच आनंद मानू नका. दहा-बारा दिवसांनी हाउस ऑफ लॉर्ड्सने १२९ विरुद्ध ८६ मतांनी डायरला सहानुभूती दाखवली. एका वृत्तपत्राने त्याच्यासाठी २६ हजार पौंडांचा निधी जमवला. डायरची नोकरी गेली, खटला झालाच नाही. पुरावा असला की न्याय मिळतोच असं नाही. पण पुरावा असला की निदान "झालंच नाही" असं म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट १९७१ ची, आणि तिचा माणूस बेळगावात जन्मलेला. अँथनी मस्करेन्हास. गोवेकर कुटुंब, शिक्षण आणि पत्रकारिता कराचीत. पाकिस्तानी लष्कराने काही पत्रकारांना पूर्व बंगालमध्ये नेलं, सगळं ठीक आहे असं लिहा म्हणून. बाकीच्यांनी तसं लिहिलं. मस्करेन्हासांनी जे पाहिलं ते लिहायचं ठरवलं, पण त्याआधी बायकामुलांना देशाबाहेर काढलं आणि मग स्वतः अफगाणिस्तानच्या सीमेवरून निसटले. १३ जून १९७१ ला लंडनच्या 'संडे टाइम्स'ने तो लेख छापला, लेखकाच्या नावासकट. साक्षीदार आधी सुरक्षित, मग साक्ष. पुण्यातल्या त्या मित्रांना १८९७ मध्ये नेमकं हेच मिळालं नव्हतं.

त्या वर्षी परदेशी खासदारांनी काय केलं? अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये स्वतः बंगालमधल्या निर्वासित छावण्यांत आले, चिखलातून फिरले, परत जाऊन आपल्याच सरकारच्या धोरणावर बोलले. तिथल्या प्रतिनिधिगृहाने पाकिस्तानची मदत रोखण्याच्या बाजूने मत दिलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन मात्र पाकिस्तानच्याच बाजूने राहिले.

आणि त्या गोष्टीत 'परदेशी खासदार' म्हणजे आपणही होतो. ३१ मार्च १९७१ ला, लष्करी कारवाई सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, आपल्या संसदेने इंदिरा गांधींनी मांडलेला ठराव एकमताने मंजूर करून पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा दिला. जवळपास एक कोटी माणसं सीमा ओलांडून आली. माझ्या आज्जीच्या ट्रंकेत त्या काळातली पत्रं आहेत. त्यांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक छोटं तिकीट आहे, निर्वासितांच्या मदतीचं. ते प्रत्येक पत्रावर लावावंच लागायचं. मी आज्जीला विचारलं, तेव्हा लोक कुरकुरायचे का? ती म्हणाली, "कुरकुरायचे की. पण लावायचे."

मग रोहिंग्यांचं काय

२०१७ नंतर जगातल्या खासदारांनी काय केलं त्याची यादी खरं तर मोठी आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये कॅनडाच्या संसदेने एकमताने या अत्याचारांना वंशसंहार म्हटलं, आणि सू ची यांना दिलेलं मानद नागरिकत्व काढून घेतलं. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ३९४ विरुद्ध १ मतांनी तसाच ठराव केला. अमेरिकी सरकारला तेच अधिकृतपणे म्हणायला मात्र मार्च २०२२ उजाडलं. युरोपीय संसदेने २०२० मध्ये सू ची यांना साखारोव्ह पुरस्कार विजेत्यांच्या वर्तुळातून बाहेर ठेवलं. आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारला खेचलं ते गांबिया या आफ्रिकेतल्या चिमुकल्या देशाने, नोव्हेंबर २०१९ मध्ये. त्यांचे न्यायमंत्री अबूबकर तांबादू रवांडाच्या वंशसंहाराच्या खटल्यांत काम केलेले वकील होते. कॉक्स बाजारच्या छावणीत जाऊन तिथल्या लोकांच्या कहाण्या ऐकल्यावर त्यांना ओळखीचं काहीतरी दिसलं.

हे सगळे कशाच्या जोरावर बोलले? फोटोंच्या नाही. म्यानमारने संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकाला देशात पाऊल ठेवू दिलं नाही. मग पथकाने बाहेर राहून ८७५ बळी आणि साक्षीदारांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, उपग्रहाच्या चित्रांत जळालेली गावं मोजली, आणि एका स्रोताची गोष्ट दुसऱ्याशी ताडून पाहिली. जयकर आणि मंडळींनी पंजाबात केलं तेच काम, नव्या साधनांनी.

पण १८९७ आणि २०१७ मध्ये एक मोठा फरक आहे, तो लपवायला नको. हाउस ऑफ कॉमन्सच्या हातात मुंबईचा गव्हर्नर होता, मनात आणलं असतं तर चौकशी लावता आली असती. कॅनडाच्या खासदाराच्या हातात म्यानमारचा सेनापती नाही. तो नाव ठेवू शकतो, निर्बंध घालू शकतो, मान काढून घेऊ शकतो, पैसे देऊ शकतो. घर परत देऊ शकत नाही. आज इतक्या वर्षांनीही बहुतेक रोहिंग्या छावण्यांतच आहेत, आणि १९८२ च्या नागरिकत्व कायद्यामुळे म्यानमारच्या लेखी ते नागरिकच नाहीत.

आणि भारत? इथे सुमारे ४० हजार रोहिंग्या आहेत असं सरकारनेच २०१७ मध्ये म्हटलं होतं. त्यांना इथे राहू द्यावं की परत पाठवावं, यावर तुमचं आणि माझं मत वेगळं असू शकतं, आणि त्यावर वाद घालायला माझी हरकत नाही. पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आहे: त्यांच्यावर जे झालं ते झालं की नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या सोयीचं यावं म्हणून पहिल्याचं उत्तर बदलायचं नाही. १८९७ मध्ये लंडनने नेमकं तेच केलं. राज्य टिकवायचं होतं, म्हणून अत्याचार झालेच नाहीत.

पुन्हा सोसायटीत

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी त्या काकांना भेटायला गेलो. आठ वर्षं झाली, त्यांना तो फोटो आठवतही नसेल असं वाटलं होतं. आठवत होता. मी त्यांना म्हटलं, "काका, फोटो खोटा होता, तुम्ही बरोबर होतात. पण बाकीचं खोटं नव्हतं, आणि ते मी तेव्हा सांगायला हवं होतं." मग गोखल्यांची गोष्ट सांगितली. त्यांना माफीचं माहीत होतं, साक्षीदारांचं नव्हतं.

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू तेव्हा 'सॉरी' लिहून थांबलास ना, म्हणून मला वाटलं तुझ्याकडे बोलायला काही नाहीच."

मी घरी आलो, ग्रुप उघडला, आणि त्या ८७५ मुलाखतींच्या अहवालाबद्दल चार ओळी लिहिल्या. या वेळी फोटो नाही. खाली जुन्या फोटोबद्दलही लिहिलं: तो तिबेटचा होता, चूक माझी. दोन अंगठे आले, एका काकूंनी पाणी कधी येणार ते विचारलं, आणि काकांनी लिहिलं, "अहवाल मराठीत आहे का?"

नाहीये. म्हणून पुढच्या भागात त्यातली मुख्य प्रकरणं मी मराठीत सांगणार आहे, जशी आहेत तशी. भेटूया.